स्वाहिली पक्की करायला टांझानियाला जाताना

दोन वर्षं अमेरिकेतल्या विद्यापीठात स्वाहिली शिकून झाली तेव्हा मला वर्तमानपत्र वाचता येत होतं, व्याकरणाच्या परीक्षेत चांगले गुण मिळत होते, आणि टांझानियाचा माणूस फोनवर तीन मिनिटं बोलला की त्यातली दीड मिनिटं निसटून जात होती. इथून पुढे वर्गात बसून फारसं काही हाती लागत नाही. जिथे ती भाषा घरात, बाजारात, भांडणात वापरली जाते तिथे जाऊन राहावं लागतं. मला ते आठ आठवडे उत्तर टांझानियातल्या अरुशा शहरात काढायला मिळाले, अमेरिकी सरकारच्या अनुदानावर. माझ्यासारख्या अमेरिकेत शिकणाऱ्या मराठी मुलामुलींपैकी कुणाला हे करायचं असेल, तर मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, अशा गोष्टी इथे लिहिते आहे.

पैसे कुठून येतात

सगळ्यात आधी तुमची कागदपत्रं बघा, कारण निम्मे दरवाजे तिथेच उघडतात किंवा बंद होतात. फुलब्राइट-हेज ग्रुप प्रोजेक्ट्स अब्रॉड हा अमेरिकी शिक्षण खात्याचा कार्यक्रम १९६१ च्या फुलब्राइट-हेज कायद्याखाली चालतो. एखादं विद्यापीठ अनुदान मिळवतं आणि प्रगत पातळीच्या विद्यार्थ्यांचा गट घेऊन जातं. त्यात अमेरिकी नागरिकांबरोबर ग्रीन कार्डवाल्यांनाही घेतात. मी ग्रीन कार्डवरच गेले. आमच्या गटात वेगवेगळ्या विद्यापीठांची मुलं होती, म्हणून यजमान विद्यापीठ आपलं नाही म्हणून मागे राहू नका.

फ्लास या परदेशी भाषा शिकण्यासाठीच्या सरकारी शिष्यवृत्तीलाही ग्रीन कार्ड चालतं, पण ती तुमच्या विद्यापीठाच्या आफ्रिका-अभ्यास केंद्रामार्फत मिळते. उन्हाळी फ्लाससाठी कार्यक्रम किमान सहा आठवड्यांचा हवा, आणि प्रगत पातळीला १२० तास शिकवणी हवी (खालच्या पातळ्यांना १४०). हिचा फायदा असा की कुठे शिकायचं ते तुम्ही सुचवू शकता. टांझानियाच्या किनाऱ्यालगतच्या झांझिबार बेटांवरच्या सरकारी विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांना स्वाहिली शिकवण्याची जुनी परंपरा आहे. तासांचा हिशेब जुळत असेल तर केंद्राला तो पर्याय पटवून देता येतो.

क्रिटिकल लँग्वेज स्कॉलरशिप परराष्ट्र खात्याची आहे आणि फक्त नागरिकांसाठी आहे. तिचे अर्ज नोव्हेंबरमध्येच बंद होतात, त्यामुळे जानेवारीत जागे झालेल्यांची ती हमखास हुकते. बोरेन ही सरकारी शिष्यवृत्तीही नागरिकांसाठीच आहे, आणि त्यासोबत निदान एक वर्ष संघीय सरकारच्या नोकरीत काढण्याची अट येते. ती अट मनापासून मान्य असेल तरच अर्ज करा.

विद्यार्थी व्हिसावर असाल तर हे सरकारी पैसे तुम्हाला मिळणार नाहीत. मग विभागाचा उन्हाळी संशोधन निधी, पदव्युत्तर शाळेचं प्रवास अनुदान यांतून पैसे जोडून थेट झांझिबारच्या संस्थेत नाव घालायचं. खटपट जास्त आहे, पण गटाबरोबर न जाता एकटं गेल्यामुळे इंग्रजी बोलायला आजूबाजूला कुणी नसतं, हा फायदा मोठा आहे.

अजून एक. हे पैसे दर वर्षी असतीलच असं धरून चालू नका. २०२५ मध्ये फुलब्राइट-हेजची त्या वर्षीची अर्जप्रक्रियाच रद्द झाली होती, आणि फ्लासचा निधीही थांबवला गेला होता. म्हणून सप्टेंबरमध्येच केंद्राच्या समन्वयकांना सरळ विचारा, ‘यंदा हा कार्यक्रम निघणार आहे का?’ आणि एकाच अर्जावर उन्हाळा टांगून ठेवू नका.

अर्जात काय लिहायचं

पहिल्या वर्षी मी लिहिलं होतं की आफ्रिकेच्या संस्कृतीची मला ओढ आहे आणि स्वाहिली ही पूर्व आफ्रिकेची महत्त्वाची भाषा आहे. दोन्ही खरं होतं. नकार आला. दुसऱ्या वर्षी मी लिहिलं की किलिमांजारोच्या उतारावरच्या कॉफी उत्पादकांच्या सहकारी संस्थांचा इतिहास मला अभ्यासायचा आहे. १९३३ मध्ये तिथे के.एन.सी.यू. हा सहकारी संघ उभा राहिला. त्याची इंग्रजी कागदपत्रं मी वाचली आहेत, पण ज्यांनी तिथे कॉफी घातली ते शेतकरी आपली गोष्ट स्वाहिलीत सांगतात आणि ती समजण्याइतकी माझी स्वाहिली नाही. काय येत नाही तेही नेमकं लिहिलं: म्हाताऱ्या माणसांचं भरभर बोलणं कळत नाही, उपप्रश्न विचारता येत नाहीत, कर्जाचे आणि वजनमापाचे शब्द ठाऊक नाहीत.

माझं मत अगदी पक्कं आहे: स्वाहिलीतच होऊ शकेल असं एक काम हातात असल्याशिवाय प्रगत कार्यक्रमाला जाऊ नये. ते काम इतिहासाचं असायलाच हवं असं नाही. आमच्या गटातली एक मुलगी दाईकाम शिकत होती, एकाला बोंगो फ्लावा, म्हणजे टांझानियातल्या पॉप गाण्यांच्या शब्दांवर लिहायचं होतं. ज्यांच्याकडे काम होतं ते आठव्या आठवड्यातही नवे प्रश्न घेऊन वर्गात येत होते. ज्यांच्याकडे नव्हतं, ते चौथ्या आठवड्यात सफारीचे दर विचारू लागले.

शिफारसपत्र स्वाहिलीच्या शिक्षकांचं हवंच. ते मागताना आपला मसुदा, जुने निबंध आणि पाच मिनिटांचं आपल्या बोलण्याचं ध्वनिमुद्रण सोबत द्या. भाषेची चाचणी फोनवर घेतात; तिच्यात पाठ केलेलं भाषण चालत नाही. विचारणारे तुम्हाला अडखळेपर्यंत वर नेतात, म्हणून अडखळल्यावर इंग्रजीत न उतरता स्वाहिलीतच वळसा घालून अर्थ सांगायची सवय आधीपासून लावा.

निघण्यापूर्वी

सरकारी पैशांवरचा विमानप्रवास सहसा अमेरिकी कंपनीच्या तिकिटावर करावा लागतो, त्यामुळे स्वस्त तिकीट दिसलं म्हणून स्वतः काढू नका. भारतीय पासपोर्ट असेल तर व्हिसाचं वेगळं विचारा. अमेरिकी पासपोर्टवाल्यांना १०० डॉलरचा बहुप्रवेश व्हिसा घ्यावा लागतो, आणि गटाला पाठवलेली सूचना त्यांनाच धरून लिहिलेली असते. अदिस अबाबा किंवा नैरोबीत बारा तासांहून जास्त मुक्काम पडणार असेल तर पीतज्वराच्या लसीचा दाखला जवळ ठेवा. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू करा. झांझिबारला जाणार असाल तर ऑक्टोबर २०२४ पासून तिथे बाहेरून येणाऱ्यांना त्यांचाच प्रवासविमा घ्यावा लागतो. प्लास्टिकच्या पिशव्यांवर टांझानियात २०१९ पासून बंदी आहे, सामान कापडी पिशव्यांत भरा. आणि स्वेटर घ्या. कार्यक्रमाला उन्हाळी म्हणतात, पण अरुशात जून-जुलै हे थंडीचे महिने आहेत. मेरू पर्वत ढगात असतो आणि सकाळी हात गारठतात.

कानाची तयारी मात्र दोन महिने आधीपासून करा. डॉइचे वेले आणि बीबीसीच्या स्वाहिली बातम्या रोज ऐका. तीच बातमी तीनदा ऐकायची, तिसऱ्यांदा ऐकताना मोठ्याने मागोमाग म्हणायची. आणि घड्याळ स्वाहिलीत लावा. तिथे दिवस सकाळी सहाला सुरू होतो, म्हणून सात वाजले की ‘सा मोजा’, म्हणजे एक वाजला. ‘सा म्बिली’ला ये म्हटलं तर आठला जायचं. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही पहिल्या आठवड्यात सगळे चुकतात.

अरुशा की झांझिबार

प्रमाण स्वाहिली झांझिबारच्या बोलीवर, किउंगुजावर उभी आहे. १९२८ च्या मोंबासा परिषदेत तसं ठरलं. किनाऱ्यावर ती घरची भाषा आहे. तिथला भाजीवालाही नामवर्गांचा, म्हणजे नामाच्या गटाप्रमाणे शब्द बदलण्याचा मेळ चुकवत नाही, आणि बायकांच्या अंगावरच्या कांगांवर, म्हणजे रंगीत कापडांवर छापलेली वाक्यं म्हणजे रस्त्यावरचं वाचनालयच. अरुशात पुष्कळांची घरची भाषा वेगळी असते: किमेरू, किचागा, मासाई. स्वाहिली त्यांची दुसरी, पण सगळ्यांना जुळवणारी. उच्चार स्पष्ट, बोलण्याचा वेग जरा कमी.

कवितेसाठी, जुन्या हस्तलिखितांसाठी, इस्लामच्या अभ्यासासाठी जाणार असाल तर झांझिबार. शेती, आरोग्य, राजकारण, शाळा हे विषय असतील तर अरुशा. पूर्व आफ्रिकी समुदाय या देशांच्या संघटनेचं मुख्यालय अरुशात आहे, त्यामुळे केनियाची आणि युगांडाची स्वाहिलीही कानावर पडते. माझं काम किलिमांजारोवर होतं, मोशी गाव अरुशापासून ऐंशी किलोमीटरवर. मला दुसरा विचार करावा लागला नाही.

यजमानांच्या घरी

राहण्यासाठी वसतिगृह आणि कुटुंब असा पर्याय दिला तर डोळे मिटून कुटुंब घ्या. वर्गात मी दिवसाला चार-पाच तास स्वाहिली बोलायचे, पण माझी भाषा वाढली ती स्वयंपाकघरात.

स्वाहिलीत म्हण आहे: ‘म्गेनी सिकू म्बिली, सिकू या तातू म्पे जेंबे’. पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या. तिसऱ्या दिवशी कुणी द्यायची वाट न बघता मीच काम मागून घेतलं, आणि घरच्या आईने माझ्यापुढे म्चिचाची जुडी टाकली. म्चिचा म्हणजे माठासारखी पालेभाजी. ती निवडायची, याला क्रियापद ‘कुचांबुआ’. त्याच सकाळी वर्गात आम्ही एका कवितेचं विश्लेषण केलं होतं, त्यालाही शिक्षक ‘कुचांबुआ’च म्हणत होते. काडी वेगळी, पान वेगळं, किडकं बाजूला. तो शब्द मला पुन्हा पाठ करावा लागला नाही.

नात्यांचे शब्द मराठी माणसाला पहिल्या दिवशी चकवतात. ‘मामा’ म्हणजे आई, ‘दादा’ म्हणजे बहीण, ‘काका’ म्हणजे भाऊ. घरातल्या मोठ्या मुलीला ‘दादा’ अशी हाक मारताना माझी जीभ आठवडाभर थबकत होती. पण खोलवर गेलं की हीच नाती आपल्याला फार जवळची वाटतात. आईचा भाऊ ‘म्जोंबा’, वडिलांची बहीण ‘शांगाझी’, आईची धाकटी बहीण ‘मामा म्दोगो’, म्हणजे धाकटी आई. माझ्या अमेरिकी मैत्रिणी या सगळ्यांना ‘अंकल’ आणि ‘आंटी’ या दोनच शब्दांत कोंबू पाहत होत्या. मला मामा, आत्या आणि मावशी वेगळ्या आहेत हे कुणी शिकवावं लागलं नाही.

आदर मात्र वेगळ्या जागी असतो. मराठीच्या सवयीने मी घरच्या आजींना अनेकवचनात विचारलं, ‘हामजांबो?’ त्यांनी मागे वळून पाहिलं, माझ्याबरोबर आणखी कोण आलंय म्हणून. स्वाहिलीत मोठ्या माणसालाही एकवचनच. आदर असतो तो ‘शिकामो’ या नमस्कारात. तो मोठ्यांना करायचा, ते ‘मराहाबा’ म्हणतात, आणि मग घरातल्या एकेकाची, तब्येतीची, कामाची विचारपूस. ही विचारपूस घाईने उरकून मुद्द्यावर येणाऱ्याशी कुणी मोकळं बोलत नाही. दुकानातसुद्धा.

‘बादो’ हा शब्द लवकर आपलासा करा. त्याचा अर्थ ‘अजून नाही’. ‘उमेओलेवा?’, तुझं लग्न झालंय का, असं मला रोज कुणीतरी विचारायचं. ‘हापाना’, म्हणजे नाही, असं उत्तर दिलं की पुढे पाच प्रश्न यायचे. ‘बादो’ म्हटलं की समोरची बाई समजुतीने मान हलवायची. बाईसाठी ‘कुओलेवा’, पुरुषासाठी ‘कुओआ’, हा भेदही तिथेच पक्का झाला.

मांसाहार करत नसाल तर ‘सिली न्यामा’ एवढंच सांगून भागत नाही. पुष्कळ घरांत कोंबडी आणि मासे त्या शब्दात धरत नाहीत. ‘सिली न्यामा, कुकू वाला समाकी’ असं पूर्ण सांगा. उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा), राजमा, म्चिचा, मटोके केळ्यांची भाजी, चपाती यांवर आठ आठवडे उत्तम जातात.

मराठीचा हात धरा

शिक्षक सगळं व्याकरण इंग्रजीच्या आधाराने समजावतात, आणि आपणही इंग्रजीतून विचार करत बसतो. ते सोडा. ‘किताबू किझुरी किमेपोतेआ’, चांगलं पुस्तक हरवलं. ‘विताबू विझुरी विमेपोतेआ’, चांगली पुस्तकं हरवली. नामाप्रमाणे विशेषण आणि क्रियापद बदलतं, हे इंग्रजीवाल्यांना अवघड जातं, आपण जन्मापासून करतो. लिंगं तीनऐवजी नामवर्ग जास्त, एवढाच फरक. अरबीतून आलेल्या ‘किताब’मधला ‘कि’सुद्धा स्वाहिलीने आपला उपसर्ग मानून त्याचं अनेकवचन ‘विताबू’ केलं, हे कळलं तेव्हा मला त्या भाषेचं फार कौतुक वाटलं.

गोष्ट सांगताना येणारा ‘का’ प्रत्यय घ्या. ‘निलिक्वेंदा सोकोनी, निकानुनुआ न्दिझी, निकारुदी’. बाजारात जाऊन, केळी घेऊन परत आले. इंग्रजीतून विचार केला की प्रत्येक क्रियापदाला भूतकाळाचा ‘लि’ लागतो आणि गोष्ट ठेचकाळत जाते. मराठीतला ‘ऊन’ आठवला की ‘का’ आपोआप येतो.

शब्दांची मदत होतेच: गारी, रांगी, बिमा, लाकी, हेसाबू, सबाबू. त्यांतले काही आपल्याकडून गेले, काही दोघांनी अरबी-फारसीकडून घेतले. रिक्षाला तिथे ‘बजाजी’ म्हणतात. पण सावध राहा: ‘ताआरिफा’ म्हणजे तारीफ नाही, माहिती किंवा बातमी, ‘काझी’ म्हणजे काम.

आणि तोडणं-तुटणं. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं आहे, कारण माझ्या सगळ्या उन्हाळ्याचं मोल मला याच एका जोडीत मिळालं.

स्वाहिलीत ‘कुवुंजा’ म्हणजे कुणीतरी काहीतरी मोडणं. ‘कुवुंजिका’ म्हणजे आपोआप मोडणं. ‘कुवुंज्वा’ म्हणजे मोडलं जाणं. हातून ग्लास पडला की टांझानियात ‘ग्लासी इमेवुंजिका’ म्हणतात, जसं आपण ‘ग्लास फुटला’ म्हणतो. अमेरिकी मित्र ‘मी फोडला’ म्हणत राहतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, रागाने फोडला की काय. मला हे सहज जमायचं म्हणून मी जरा जास्तच विश्वासाने वापरू लागले होते.

सहाव्या आठवड्यात वर्गातल्या प्रकल्पासाठी मोशीच्या वरच्या बाजूला एका वृद्ध शेतकऱ्यांना भेटले. कॉफीची तोडणी सुरू झाली होती, अंगणात फळं पसरलेली. तासभर विचारपूस, चहा, नातवंडं. मग मी विचारलं, सहकारी संस्था कधी मोडल्या? ‘व्यामा व्या उशिरिका विलिवुंजिका लिनी?’ सरकारने १९७६ मध्ये सहकारी संस्था बरखास्त केल्या आणि १९८२ च्या कायद्याने परत आणल्या, हे मला ठाऊक होतं. त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. ते थांबले. कप खाली ठेवला आणि म्हणाले, ‘हाविकुवुंजिका. विलिवुंज्वा.’

मोडल्या नाहीत. मोडल्या गेल्या.

मग पाऊण तास ते बोलत होते: कुणाचा तराजू उचलून नेला, कुणाचे पैसे अडकले, पुढच्या हंगामात कॉफी कुणाकडे घालायची हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी एकच शब्द चुकीचा वापरला होता, आणि त्याच शब्दावर त्यांनी मला सगळं सांगितलं.

अशा भेटींआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. भाषेच्या वर्गासाठी केलेली मुलाखत म्हणजे संशोधन नव्हे. टांझानियात परदेशी माणसाला संशोधनासाठी कोस्टेक या सरकारी आयोगाची परवानगी लागते, झांझिबारमध्ये वेगळी, आणि तुमच्या विद्यापीठाच्या नीतिसमितीचीही. माझ्याकडे ती नव्हती, म्हणून त्या दिवसाची टिपणं मी प्रबंधात वापरलेली नाहीत. समोरच्या माणसाला हे आधीच स्वाहिलीत सांगा: मी भाषा शिकते आहे, हे कुठे छापणार नाही. ते वाक्य घरून तयार करून, शिक्षकांकडून तपासून न्या. ध्वनिमुद्रण विचारल्याशिवाय करू नका.

गटातली इंग्रजी

गटातल्या मुलांबरोबरचे रात्रीचे तास सगळ्यात जास्त नुकसान करतात. दमलेलं डोकं इंग्रजी मागतं. आम्ही चौघींनी ठरवलं की दालादालात, म्हणजे तिथल्या शेअर बसमध्ये बसल्यापासून उतरेपर्यंत इंग्रजी बंद. संपूर्ण बंदीची शपथ घेणाऱ्यांची शपथ तिसऱ्या दिवशी मोडली. आमची आठ आठवडे टिकली, कारण दालादालात कंडक्टर आणि शेजारच्या बायका आमच्या गप्पांत शिरायच्या आणि चुका जागच्या जागी दुरुस्त करायच्या. सात जुलैला सुट्टी असते, साबा साबा. १९५४ मध्ये त्याच तारखेला टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांचा टानू पक्ष स्थापन झाला, आणि युनेस्कोने तोच दिवस जागतिक स्वाहिली दिन ठरवला आहे. त्या दिवशी गटाबरोबर फिरायला न जाता घरच्या लोकांबरोबर राहा. रेडिओवरची भाषणं आणि त्यांवर घरातल्यांचे शेरे, दोन्ही ऐकायला मिळतात.

परत आल्यावर शेवटची तोंडी चाचणी होते, ती पहिल्या दोन आठवड्यांतच द्या. आणि एका माणसाशी बोलणं चालू ठेवा. मी दर रविवारी दुपारी घरच्या आईला फोन करते. तिकडे रात्रीचे आठ, म्हणजे ‘सा म्बिली उसिकू’. आधी शिकामो, मग कोंबड्या, शाळेची फी, पाऊस. मग त्या न चुकता विचारतात, ‘हुको सा न्गापी?’ आणि मी घड्याळात बारा वाजलेले बघत म्हणते, ‘सा सिता, मामा.’ सहा वाजले, आई.